सातवा कंद

सोयाबीन निघून गेलं की आमच्या इंझोरीच्या हवेला एक रिकामपण येतं. थ्रेशरचा धुराळा खाली बसतो, ताडपत्र्या घडी होऊन माळ्यावर जातात, दुपारी उन्हाचा चटका बसतो आणि सकाळी मात्र अंगणात अनवाणी गेलं तर पावलं ओली होतात. या दहा-पंधरा दिवसांत मला दरवर्षी मातीत हात घालावासा वाटतो. शेतातल्या मातीत नव्हे, ती आता मुलाची आणि त्याच्या ट्रॅक्टरची. मला हवी असते घमेलंभर माती, स्टुलावर बसून कालवता येईल एवढीच. गुडघ्यांनी वाकायचं नाकारलंय, हातांनी अजून नाही.

घमेलंही ठरलेलं आहे. काठ दुमडलेलं, बुडाला गंजून आपोआप भोकं पडलेलं. भंगारवाला दोनदा मागून गेला. सून शोभा म्हणते, "आई, लोकांकडं रंगीत कुंड्या असतात." मी म्हणते, असू दे. लोकांच्या कुंड्यांना या घमेल्याइतकं खोटं पचवावं लागलं नसेल.

तर ते खोटं सांगते. चौपन्न वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. यंदा एकीला सांगावं लागलं, आणि एकदा तोंडातून गेलेली गोष्ट म्हणजे दावं सोडलेलं वासरू, मग सगळ्यांनीच पाहावं.

माझे बाबा वाशीमला एका सरकारी बंगल्यावर माळी होते. साहेब बदलत, कंद तेच राहत. ग्लॅडिओलसचे कंद. दिसायला कांद्यासारखे पण चपटे, वर चिवट तपकिरी पापुद्रा. दसऱ्याच्या सुमारास लावायचे, पौषात फुलायचे. हातभर उंच दांड्याला खालून वर एकेक फूल उमलत जाई, जिन्यावरून दिवे लावत कुणी वर जावं तसं. वैशाखात माझं लग्न झालं तेव्हा बाबांनी इतर आहेराबरोबर एका धडुत्यात बांधून सात कंद दिले. म्हणाले, "पावसाळाभर कोरडे ठेव. आणि रोज उकरून पाहू नको, तुझी सवय मला माहीत आहे."

तेव्हाची मी म्हणजे काय सांगू. आठवी पास, दोन वेण्या, नाकावर माशी बसली तर तिनंही मला वाशीमची म्हणून मान द्यावा असं वाटणारी. मला खात्री होती की इंझोरीनं आजवर फूल पाहिलेलं नाही आणि मी ते दाखवायला आलेय. प्रत्यक्षात इंझोरीत झेंडू होता, शेवंती होती, बांधाबांधावर तरोटा पिवळा व्हायचा, तिळाच्या वावरात पांढरी-जांभळी घंटेसारखी फुलं डोलायची. पण ती मला फुलं वाटायचीच नाहीत. ज्याला इंग्रजी नाव नाही ते कसलं फूल.

घरात माणसं तीनच. आमचे हे, मी आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायचे. सासरे आमच्या लग्नाच्या दोन वर्षं आधी गेले होते, आणि त्या दोन वर्षांत या घरात नवरात्राचा घट बसला नव्हता. घरात सवाष्ण नाही, मग घट मांडणार कोण, असा तेव्हाचा हिशेब. ज्या बाईनं तीस वर्षं घट मांडला, तिच्या हाताला एका दिवसात काय झालं, हे मी त्या वेळी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मी आपली वेण्या घालत बसले होते.

म्हणून त्या वर्षी आत्याबाईंना माझी वाट होती. सुनेची नव्हे, सवाष्णीची. श्रावणापासून त्या परडी शोधत होत्या, गहू निवडत होत्या. एकदा ओसरीवर बसून त्या शेजारच्या काकूंना म्हणाल्या, "यंदा घट दाट आला म्हंजे झालं. घरावरचं सावट गेलं, असं समजीन मी." हे मी आतून ऐकलं. ऐकलं आणि विसरले. अठराव्या वर्षी कान हे फक्त डूल घालायला असतात.

घटाची माती स्वतःच्या वावरातली लागते. आत्याबाई आदल्या दिवशी म्हणाल्या, "बांधाजवळची आणजो, मऊ पाहून. चाळून घेजो. घाई नोको करू."

आमचं वावर घरापासून चांगलं दूर. परतीचा पाऊस नुकताच होऊन गेलेला. काळी माती अशी, की दहा पावलं चाललं की चपलेला दुसरी चपल चिकटते. आणि माझ्या चपला नव्या, लाल पट्ट्याच्या. मी टोपलं घेऊन निघाले ती गोठ्याच्या मागे जाऊन थांबले. तिथं, कडब्याच्या गंजीआड, माझं गुपित होतं. एक गंजकं घमेलं, त्यात शेणखत घालून कालवलेली माती आणि त्यात चार दिवसांपूर्वी लावलेले सात कंद. मी तिथं अर्धा तास चिंचेचं कच्चं बोटुक चोखत बसले. मग घमेल्यातली वरवरची माती दोन्ही हातांनी उपसून टोपल्यात भरली. चाळायचा प्रश्नच नव्हता. वर हुशारी अशी, की वावरात गेल्यासारखं वाटावं म्हणून गोठ्यातला चिखल पायांना घोट्यापर्यंत माखून घेतला.

आत्याबाईंनी माझ्या पायांकडं पाहिलं. "लवकर आली वं," एवढंच म्हणाल्या. शेणाचा वास येत असणार. मला नाही आला. हुशार माणसाला स्वतःचा वास येत नाही.

बाबांनी नको सांगितलं होतं, म्हणून मी घमेलं रोज उकरून पाहायची. दुसऱ्या दिवशी मोजले तर कंद सहाच. उंदरानं नेला असेल म्हणून मी उंदराला शिव्या घातल्या.

इकडं देवघरात घट वाढत होता. रोज एक माळ चढायची, पहिली विड्याच्या पानांची, मग तिळाच्या फुलांची, तरोट्याची, झेंडूची. शेणखताच्या मातीत गहू असा तटतटून आला, की आत्याबाई सकाळी उठल्या उठल्या आधी तिथं जात. अंधाऱ्या कोनाड्यातला तो गव्हाचा रंग अजून डोळ्यांपुढं आहे, हिरवा नाही, पिवळा नाही, लोण्यात हळद पडावी तसा. आणि आठव्या माळेला त्या केसांसारख्या बारीक पात्यांमधून एक जाडजूड, टोकदार कोंब वर आला. बोटाएवढा. सगळ्या पोराटोरांच्या रांगेत हेडमास्तर उभा राहावा तसा.

मी पाहिलं आणि ओळखलं. सातवा.

आत्याबाई बराच वेळ वाकून पाहत राहिल्या. मी दाराशी. आता विचारतील, आता विचारतील. त्यांनी बोटानं कोंबाचं टोक हलकेच चाचपलं. मग माझ्याकडं पाहिलं, मग परत घटाकडं. मग करंड्यात बोट बुडवून हळद-कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "नारळ आण."

दुपारपर्यंत आमची गल्ली देवघरात होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाप्पा, काय आलं हे?" आत्याबाई म्हणाल्या, "आलं खरं. सुनीच्या हातानं आलं." तेवढ्या एका वाक्यानं माझं कल्याण आणि वाटोळं दोन्ही झालं. त्या दिवसापासून गावात माझा हातगुण झाला.

दसऱ्याला घट हलवायची वेळ आली. गव्हाची पाती यांच्या टोपीत खोवली, उरलेली देवाला वाहिली. आत्याबाईंनी तो कोंब मात्र मातीसकट उचलून माझ्या ओंजळीत ठेवला. "हे शिळवू नोको. ज्याचं त्याच्या जागी जाऊ दे." मला वाटलं, केवढी भक्ती. मी मान डोलावली आणि गुपचूप गोठ्यामागं जाऊन सातवा कंद सहांच्या शेजारी लावून आले. म्हातारीला फसवलं, म्हणून स्वतःवर खूश.

पौषात सातही फुलले. शेंदरी लाल. आता एवढं लाल कडब्याआड लपत नाही. आत्याबाई तुरीच्या शेंगा सोलायला म्हणून तिथं उन्हाला येऊन बसल्या आणि विचारलं, "हे सात कशे झाले?"

"त्या कोंबाला पिल्लं झाली," मी म्हणाले.

"व्हय काय? लयच लवकर झाली."

आणि मी समजले, की पटलं त्यांना.

त्या महिन्यात त्या रोज तिथं येऊन बसत. शेंगा सोलायच्या, मधेच हात थांबायचा, फुलाकडं पाहायच्या. एकदा मी मूर्खासारखं म्हटलं, "घाला ना एखादं केसात." बोलून गेले आणि जीभ चावली. त्यांनी खालचं एक फूल खुडलं, कपिला गाय शेजारीच बांधलेली होती तिच्या शिंगाच्या दोरीत खोचलं आणि म्हणाल्या, "तिले शोभते." गाय दिवसभर ते मिरवत होती. संध्याकाळी तिनंच ते खाली पाडून खाल्लं. आत्याबाई तोंडाला पदर लावून हसल्या. सासरी आल्यावर त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग माझं आयुष्य हातगुणात गेलं. कुणाच्या लिंबाचं रोप, कुणाची तुळस, मिरगात पेरणीला पहिली मूठ. "काकू, तुमचा हात लागू द्या." मला घाम फुटायचा. हात काय लावणार, हाताच्या मागं तर शेणखत. म्हणून मी चोरून शिकले. बी भिजवून घ्यायचं, किडकं वेचायचं, रोपाला पाणी किती, ऊन कुठलं. पकडले जाऊ नये म्हणून शिकले. बाकीच्या बायका पापाच्या भीतीनं नीट वागतात, मी भांडं फुटायच्या भीतीनं वागले. पण झाडं जगली खरी.

आता मयूरीकडं येते. ती माझी नातसून, निखिलची बायको. दोघं वाशीमला राहतात, ती तिथं शाळेत शिकवते. रिसोडकडची पोर, बोलायला लागली की घड्याळ मागं पडावं अशी. गेल्या पौषात तिचं पोट पडलं. चौथा महिना होता. दवाखाना झाला, विश्रांती झाली, ती शाळेतही जायला लागली. पण बोलणं गेलं. हसू म्हणजे फोटोत हसतात तेवढं.

यंदा नवरात्र संपताना ती पंधरा दिवसांची रजा काढून आली. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्यासमोर एक खोकं घेऊन बसली. मोबाईलवरून मागवलेलं. आत लाकडाच्या भुशात पाच कंद, तेच ते चपटे, तपकिरी. बरोबर झेंडूची आणि शेवंतीची रोपं, वाशीमच्या नर्सरीतली.

"आजी, हे तुमी लावा."

"काहून? तुले हात नाहीत काय?"

ती खोक्यातला भुसा चिमटीत धरून सोडत होती. "तुमच्या हातचं मरत नाही म्हणतात. माझ्या हातानं..."

मी बाई आयुष्यभर चटचट उत्तरं दिलेली. तिथं मी एक कंद उचलून दाबून पाहिला. कारण कंद सडतात. काळी माती पाणी धरून ठेवते, पाचातले दोन तरी जायचे. आणि ही पोर रोज घमेल्याकडं जाऊन पाहणार. माझ्या हातूनही मेलं, म्हणजे मग जगात काही जगतच नाही, असं तिचं ठरणार. दुसरा विचार लगेच आला, आणि तो माझ्या जुन्या ओळखीचा होता. शेजारणीकडून कोंब फुटलेला एखादा कंद आणावा, गुपचूप खोचावा, सकाळी हाक मारावी. एकदा जमलंय. हात सरावलेला आहे.

पण तिच्याकडं पाहिलं आणि तसं करवेना. म्हटलं, "स्टूल आण. अन् तुले एक गोष्ट सांगतो, ते आधी आईक."

सगळं सांगितलं. लाल पट्ट्याच्या चपला, चिंचेचं बोटुक, पायाचा चिखल, हेडमास्तर कोंब, पिल्लं. चिखलाजवळ तिच्या ओठाचा कोपरा हलला. पिल्लांजवळ ती हसायला लागली, आधी नाकातून, मग खांदे हलवत, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पाणी हसण्याचंच होतं की कसं, मी निरखून पाहिलं नाही. शोभा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि काही न विचारता परत आत गेली.

"म्हंजे हातगुण वगैरे काहीच नाही?"

"शेणखत हाय. अन् उकरून न पाहणं हाय, जे मले कधी जमलं नाही."

"अन् आत्याबाईंना कळलंच नाही?"

"अजिबात नाही," मी म्हटलं. छाती काढून म्हटलं.

मयूरी माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहत राहिली.

मग घमेलं भरलं. मी स्टुलावर, ती जमिनीवर, आणि हात सगळे तिचे. आधी भोकांवर छपरावरच्या फुटक्या कवेलूचे तुकडे. मग माती, तीन वाटे काळी, एक वाटा वाळू, एक वाटा जुनं खत. मूठ दाबून सोडली की ढेकूळ फुटलं पाहिजे. कंद चार बोटं खोल, डोळा वर. "डोळा कोणता?" तिनं विचारलं. मी दाखवला, पापुद्र्याखालचं ते बारीक टोक. ती त्यावरून अंगठा फिरवत राहिली. मध्यभागी कंद, कडेनं झेंडू आणि शेवंती. मी म्हटलं, खालचे झोपलेले असतात तोवर वरच्यांनी घर जागं ठेवायचं. माती लोटताना तिनं पाचव्या कंदावर हात जरा जास्त वेळ ठेवला. मी दुसरीकडं पाहिलं. दुसरीकडं काही नव्हतं, जास्वंद होती.

त्यानंतर माझी झोप गेली म्हटलं तरी चालेल. रोज सकाळी काठी घेऊन घमेल्यापाशी. काठीच्या टोकानं माती जराशी टोकरायची, कुणी पाहत नाही ना ते पाहायचं. आठवी पास ती दोन वेण्यांची बया कुठंही गेलेली नाही, नुसता चष्मा लागलाय तिला. मयूरी ओसरीवर चहा पीत असे. मला वाटायचं, मोबाईल पाहतेय.

पाचव्या दिवशी सकाळी हाक आली. "आजी, या लवकर. आलं."

गेले. दोन झेंडूंच्या मधे एक हिरवा कोंब, दोन बोटं वर आलेला. मयूरी शेजारी उकिडवी बसून, नजर जास्वंदीवर, खालचा ओठ दातांत.

मी वाकता येईल तेवढी वाकले. पाचव्या दिवशी ग्लॅडिओलस येत नाही. बारीक, चपटी पात. नखानं टोक जरासं दाबलं आणि बोट नाकाशी नेलं. लसूण. आमच्या स्वयंपाकघरातल्या टोपलीतली मोड आलेली पाकळी, शंभर टक्के.

तिला वाटलं होतं, की म्हातारी रोज घमेल्यापाशी जीव टांगून उभी राहते. म्हातारीचा जीव भांड्यात पडावा.

बोट नाकाशी तसंच राहिलं. देवघराच्या दारात उभी असलेली मी मला दिसले, आणि माझ्याकडं वळून पाहणाऱ्या आत्याबाई. जिनं जन्मभर वावर केलं, तीस वर्षं घट मांडला, तिला गहू कोणता आणि कंद कोणता ते कळलं नसेल? तिला शेणाचा वास आला नसेल? ज्याचं त्याच्या जागी. लयच लवकर झाली. चौपन्न वर्षं मी त्या बाईला भोळी म्हणत आले. दोन वर्षांनी घरात घट बसला होता आणि मांडणारी दारात चोरासारखी उभी होती, तेव्हा तिनं नारळ मागवला.

मयूरी म्हणाली, "काय झालं, आजी?"

"शोभा," मी हाक मारली, "हळदी-कुंकवाचा करंडा आण. अन् नारळ."

"नारळ कायले?" मयूरीचा आवाज चिरकला.

"आलं म्हून. तुह्या हातानं आलं."

लसणाला मी हळद-कुंकू लावलं. हात जोडले. मयूरीनंही जोडले, डोळे घट्ट मिटून, हसू दाबायला. शोभानं नारळ फोडला, खोबरं वाटलं आणि दुपारी भाजीला फोडणी घालताना आपल्याशीच म्हणाली, "इथं मोड आलेली पाकळी ठेवली होती, कुठं गेली."

दोन दिवसांनी निखिल न्यायला आला आणि दोघं वाशीमला गेली. घमेलं पोत्यात गुंडाळून निखिलच्या मांडीवर आणि मयूरी गाडी चालवायला. गाडी वळेपर्यंत झेंडूची पिवळी टोकं दिसत होती.

काल तिचा फोन आला. मागं शाळा सुटल्याचा गलका होता.

"आजी, दोन आले. जाड आहेत, हेडमास्तरासारखे."

"बाकीचे तीन?"

"अजून नाही. सडले असतील काय?"

"दोनेक सडतातच, पोरी. तुह्या हातानं नाही, काळ्या मातीनं."

ती मग म्हणाली, "अन् त्या पहिल्याचं काय करू? फोडणीत टाकू?"

"उपटू नोको. ज्याचं त्याच्या जागी राहू दे."

पलीकडं ती हसली. गलका कमी होत गेला, बहुधा ती चालत फाटकाबाहेर आली असावी. मग हळूच विचारलं, "फुलं कधी येतील?"

मी बोटं मोजली. मोजायची गरज नव्हती. "पौषात."

वाऱ्याची खरखर आली. मी कान फोनला दाबून धरला.

"मग पौषात तुमी इकडं या," मयूरी म्हणाली. "दोघी मिळून पाहू."

"येतो," मी म्हटलं. "तोवर रोज उकरून पाहू नोको."

"अन् तुमी?"

"मी काय इथून उकरतो?" म्हणून मी फोन ठेवला, आणि रिकाम्या अंगणात जिथं घमेलं होतं त्या गोल डागापाशी काठी टेकून जरा वेळ उभी राहिले.